दाढीवाला स्पॉक आणि आमच्या आत्येचा सवाल

जुलैतली दुपार. वेंगुर्ल्यात पावसाने असा जोर धरला होता की तीन वाजताच दिवे लावावे लागत होते, आणि दिवे लावले की वीज जात होती. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे कॉलेजला सुट्टी, म्हणून भाचा लॅपटॉप मांडून ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळमालिकेचे साठच्या दशकातले जुने भाग बघत बसला होता. शेजारी आत्ये आठळ्या सोलत होती. सकाळपासून दोन भाग होऊन गेले होते, त्यामुळे टोकदार कानांचा, कधी न हसणारा स्पॉक तिच्या चांगला ओळखीचा झाला होता. तिसरा भाग सुरू झाला आणि ती पागोळ्यांखालची भरलेली बादली बदलायला मागच्या दारी गेली. परत येऊन बघते तो तेच जहाज, तोच स्पॉक, पण हनुवटीवर दाढी.

“मेल्यान दाढी कधी वाढयल्यान?”

भाच्याने सांगितलं, हा तो नव्हे, हा समांतर विश्वातला. आत्येने एक आठळी सोलली, दुसरी सोलली आणि विचारलं, “मगे ह्या खरा काय ता खरा?” भाचा पंधरा मिनिटं हातवारे करून सांगत राहिला. शेवटी तोच चिडला आणि वीज गेली.

‘मिरर, मिरर’ नावाचा हा भाग अमेरिकेत ६ ऑक्टोबर १९६७ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेने १९७० मध्ये तीच वाट धरली आणि पुढे तर लांबलचक विज्ञानमालिकेत एखादा तरी समांतर विश्वाचा भाग येणं हे गावच्या जत्रेत खाज्याचं दुकान येण्याइतकं ठरून गेलं. प्रत्येक वेळी चाहते दोन पार्ट्यांत विभागले जातात. एक पार्टी म्हणते, असा भाग पुन्हा होणे नाही. दुसरी म्हणते, आमचा एक तास फुकट गेला. भांडणाचा मूळ मुद्दा आत्येचाच असतो.

समांतर विश्व म्हणजे नेमकं काय?

कोकण रेल्वेच्या कुठल्याही छोट्या स्टेशनावर क्रॉसिंगसाठी गाडी थांबली की खाली उतरून सांधा बघा. सांधा म्हणजे एका रुळाचे दोन होतात ती जागा. तिथे दोन रुळांमधलं अंतर बोटभरही नसतं. पण गाडी कुठल्या रुळावर पडली त्यावर ती मडगावला जाणार की साइडिंगला उभी राहणार हे ठरतं. आता कल्पना करा, की सांध्यावर गाडीने एक रूळ निवडलाच नाही. गाडीच्याच दोन गाड्या झाल्या आणि दोन्ही आपापल्या रुळाने गेल्या. दोन्हींत तेच प्रवासी, खिडकीशी तीच बाई, तिच्या मांडीवर तोच डबा. पहिल्या गाडीतल्यांना दुसरीची गंधवार्ता नाही. या दुसऱ्या रुळावरच्या जगाला समांतर विश्व म्हणायचं. अशी अनेक जगं मिळून मल्टिव्हर्स.

मालिकेतला लेखक काय करतो, तर एखाद्या प्रवाशाला चालत्या गाडीतून उचलून दुसऱ्या गाडीत टाकतो. ‘मिरर, मिरर’मध्ये कॅप्टन कर्क आणि त्याचे तीन सहकारी एका ग्रहावरून जहाजावर परतत असताना आयनांचं वादळ येतं आणि ते भलत्याच जहाजावर पोचतात. इथे त्यांची शांतताप्रिय संघटना नाही, साम्राज्य आहे. कमरेला कट्यार लावून लोक फिरतात, बढती हवी असेल तर वरच्या अधिकाऱ्याचा खून करतात, चुकलेल्याला यातना द्यायची खास पेटी आहे. आणि तिकडचा स्पॉक दाढीवाला.

शास्त्रज्ञ खरंच असं म्हणतात का?

काही म्हणतात. पण ते जे म्हणतात आणि मालिकेत जे दिसतं त्यांत मालवणच्या समुद्राइतकं पाणी आहे.

अणूच्या पातळीवरचं गणित विचित्र आहे. एखादा इलेक्ट्रॉन कुठे आहे असं विचारलं तर ते एक उत्तर देत नाही, इथे असण्याची एवढी शक्यता, तिथे असण्याची तेवढी, असा ढीगच समोर ठेवतं. प्रत्यक्ष मोजायला जावं तर इलेक्ट्रॉन एकाच जागी सापडतो. मग बाकीच्या शक्यतांचं काय झालं? बहुतेकांनी त्या काळी मान्य केलेलं उत्तर असं, की मोजताक्षणी त्या नाहीशा होतात. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट या प्रिन्स्टनच्या तरुण संशोधकाने वेगळंच मांडलं. नाहीसं काहीच होत नाही. सगळ्या शक्यता प्रत्यक्षात येतात, मोजणाऱ्यासकट, पण एकमेकींपासून तुटून. त्या वेळी त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही, आणि तो भौतिकशास्त्र सोडून संरक्षण खात्याच्या कामाला निघून गेला. १९७० च्या सुमारास ब्राइस डीविट यांनी त्याची कल्पना पुन्हा लोकांसमोर आणली, तेव्हा तिला ‘अनेक विश्वं’ हे नाव चिकटलं.

आजही अनेक भौतिकशास्त्रज्ञांना ती पटत नाही. तिच्या बाजूने किंवा विरुद्ध निकाल लावेल असा प्रयोग कोणी करून दाखवलेला नाही. आणि ज्यांना पटते तेही सांगतात, की एकदा तुटलेल्या शाखा व्यवहारात पुन्हा भेटत नाहीत. इकडून तिकडे जायला दार नाही, खिडकी नाही, आयनांचं वादळही नाही. दार ही पूर्णपणे लेखकांची सोय.

मराठी वाचकाला हे दार काही नवं नाही. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एका इतिहासाच्या प्राध्यापकाला असंच दुसऱ्या रुळावर नेऊन ठेवलं होतं. तिथे १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी लागत नाही, निसटून जाते, आणि मराठे जिंकतात. एवढ्याशा फरकाने पुढची शतकं बदलतात. स्वतः शास्त्रज्ञ असल्यामुळे नारळीकरांनी दाराचं गणितही शेवटी थोडं समजावलंय. टीव्हीवाले तेवढे कष्ट घेत नाहीत.

“इतिहास वेगळा, मग माणसं तीच कशी?”

हा चाहत्यांचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत सयुक्तिक आक्षेप. त्यावर थोडं थांबू.

रत्नागिरीचं उदाहरण घ्या. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आता धरा, की १८८५ च्या सांध्यावर गाडी दुसऱ्या रुळाने गेली आणि थिबा मंडालेतच राहिला. मग रत्नागिरीच्या त्या टेकडीवर राजवाडा नाही. तो बांधायला आलेले गवंडी आले नाहीत, राजाच्या पदरी नोकरीला लागलेले लागले नाहीत, त्यातून जुळलेली लग्नं जुळली नाहीत. आज थिबा पॉइंटला भेळ खात सूर्यास्त बघणाऱ्यांपैकी कितीतरी जण जन्मालाच आले नसते. जे आले असते ते दुसरेच कोणी.

एका राजाच्या मुक्कामाने एवढं होतं. ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या विश्वात तर अख्ख्या मानवजातीचा इतिहास वेगळा आहे. तरी त्याच आईबापांच्या पोटी तोच कर्क जन्मतो, त्याच जहाजाचा कप्तान होतो, त्याच दिवशी त्याच ग्रहाभोवती फिरत असतो? विज्ञानाच्या दृष्टीने याला उत्तर नाही. चाहत्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण उत्तर आहे, ते दशावतारात. आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटक चालतं. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, वनवास सुरू झाला की तोच खडक, नारद टेकला की कैलास. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरलेलं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे परवा शेजारच्या गावात झालेलं तेच आख्यान आज इथे वेगळं होतं. परवा राक्षस अर्धा तास वाद घालून मेला, आज पाच मिनिटांत, कारण त्या नटाचा घसा बसलेला. पहाटे तीन वाजता चादर पांघरून बसलेली माणसं मान हलवत म्हणतात, “परवा बरा केल्यान होता.” नट तोच, नाव तेच, गोष्ट तीच, तरीही दोन वेगळी. आणि बाकडं कैलास कसं झालं, असं कोणी विचारत नाही.

समांतर विश्वाचा भाग हे टीव्हीचं बाकडं आहे. मालिकेकडे सेट तेच, नट तेच, आठवड्याचा खर्च ठरलेला. नवं जग उभं करायला पैसे नाहीत. दाढी, कट्यार आणि रंगीत पट्टे मात्र परवडतात. शिवाय नट वेगळा घेतला तर गंमतच गेली. आपल्याला बघायचं असतं, की ओळखीचा माणूस दुसऱ्या मातीत कसा वाढला असता.

दुसऱ्या मातीत वाढण्याचं आंबा बागायतदाराला वेगळं सांगायला नको. एकाच झाडाच्या काड्या घेऊन दोन कलमं बांधली, एक देवगडच्या कातळावर लावलं आणि एक घाटावरच्या काळ्या जमिनीत. झाड म्हणाल तर एकच. पण फळ चाखलंत तर कळेल.

“हा भाग धरायचा की नाही?”

चाहत्यांच्या बोलीत एक शब्द सतत येतो, कॅनन. म्हणजे मालिकेच्या अधिकृत कथेत धरली जाणारी गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात पेटी घेताना गिऱ्हाईक विचारतं ना, “देवगडचाच ना? की कर्नाटकातला?” तो प्रश्न हाच. दिसायला तसाच, वासही जवळपास तसाच, पण शिक्का आहे की नाही?

समांतर विश्वातला भाग अधिकृत असतोच, पण चाहत्यांना वेगळीच शंका येते. तिथे कोणी मेलं तर इथे फरक पडत नाही. तिथे प्रेमात पडलेली जोडी इथे एकमेकांना नमस्कारही करत नाही. मग आम्ही एवढा जीव टांगणीला लावून बसलो तो कशासाठी?

माझ्या मते या आक्षेपात चाहते निम्मे बरोबर आहेत. विश्व कुठलं, याने काही बिघडत नाही. तिथून परत येताना काही हाती लागलं का, हे बघायचं. चांगला भाग रिकाम्या हाताने परत येत नाही.

१९९० चा ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ नावाचा भाग बघा. ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या मालिकेत ताशा यार नावाची सुरक्षा अधिकारी १९८८ मध्ये मेली होती, आणि तीही कशी, तर एका चिखलाच्या राक्षसाने सहज फटका मारावा तशी. चाहत्यांना ते मरण फार लागलं होतं. दोन वर्षांनी इतिहासाचा सांधा बदललेल्या एका जगात ती जिवंत दिसते. मग तिला कळतं, की खऱ्या इतिहासात आपण आहोतच मेलेले, आणि मरणही फुकटचं. ती ठरवते, मरायचंच तर कारणी लागून मरू, आणि हरणार हे माहीत असलेल्या लढाईत जाणाऱ्या जहाजावर चढते. भाग संपताना जग पूर्ववत होतं, कोणाला काही आठवत नाही. तरी हा भाग चाहत्यांच्या सर्वांत आवडत्या भागांत गणला जातो. पुढच्या वर्षी तर तिची तिकडची मुलगीच मालिकेत शत्रू म्हणून हजर झाली. हे झालं हाती लागणं.

‘डॉक्टर हू’ने २००६ मध्ये याच्या उलट केलं. मालिकेचा नायक डॉक्टर, त्याची सोबतीण रोझ दुसऱ्या विश्वात अडकते आणि मधलं दार कायमचं बंद होतं. ती मरत नाही, आई आणि बाप दोघंही तिच्याजवळ असतात, सगळं ठीक असतं, फक्त भेट नाही. प्रेक्षक ढसाढसा रडले. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या किनाऱ्यावरच्या घरांना हे वेगळं समजावून द्यावं लागणार नाही. दोन वर्षांनी मालिकेने ते कायमचं बंद केलेलं दार उघडलं, रोझला परत आणलं आणि डॉक्टरचीच एक माणूसरूपी प्रत तिच्या हवाली केली. त्यावर आजही दोन तट आहेत. मी पहिल्याच शेवटाच्या बाजूचा. जे दार बंद झालं म्हणून आम्ही रडलो, ते उघडून आमचं रडणं खोटं पाडू नये.

मग चिडतात ते कशावर?

अतिरेकावर, एक. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेने १९९४ ते १९९९ या काळात ‘मिरर, मिरर’मधल्या त्या दुष्ट विश्वात पाच फेऱ्या मारल्या. पहिली फेरी लोकांनी उचलून धरली. शेवटच्या फेरीपर्यंत नट मजेत आणि प्रेक्षक जांभया देत, अशी स्थिती झाली. दुष्टपणा करायला नटाला नेहमीच आवडतं. दशावतारात आख्यानाआधी येणाऱ्या संकासुराचं काम करणाऱ्याला विचारा. पण संकासुराला रात्रभर नाचू दिलं तर आख्यान कधी सुरू होणार?

दुसरं कारण नाजूक आहे. ‘स्टार ट्रेक’च्या ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत कॅप्टन लॉर्का नावाचा कडक, युद्धाने पोळलेला, बरा की वाईट ते न कळणारा माणूस होता. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालं, की तो मुळात त्या दुष्ट विश्वातून आलेला आहे. अनेक चाहत्यांनी हे आधीच ताडलं होतं. तिकडच्या माणसांना प्रखर उजेड सोसत नाही, हा धागा पुढे जुळून आला. ज्यांनी ओळखलं ते खूश. पण बऱ्याच जणांची तक्रार अशी, की एक गुंतागुंतीचा माणूस होता, त्याचा तुम्ही साधा खलनायक करून टाकलात. “तो तिकडचाच होता” म्हटलं की सगळ्या प्रश्नांचा एका फटक्यात निकाल. ही तक्रार मला पटते. सुनेचं काही चुकलं की “त्यांच्या माहेरचीच तसली” म्हणणाऱ्या बायका आणि असे लेखक यांत मला फरक दिसत नाही.

याउलट २००५ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्याच ‘एंटरप्रायझ’ मालिकेने दोन भाग सलग त्या विश्वातच घडवले. आपल्या जगातलं एकही पात्र नाही. सुरुवातीची नामावलीसुद्धा बदलली. नेहमीच्या शोधमोहिमांच्या चित्रांऐवजी युद्ध, तोफा आणि कवायती संगीत. मालिका बंद पडायला आली होती, त्यामुळे लिहिणाऱ्यांना बहुधा कोणाची भीती उरली नव्हती. चाहत्यांना ते धाडस भावलं.

“सगळंच कुठे ना कुठे घडत असेल, तर मग कशाला महत्त्व?”

हा आक्षेप भाच्याच्या मित्राचा. ‘स्टार ट्रेक’च्या १९९३ च्या ‘पॅरलल्स’ या भागात वॉर्फ नावाचा अधिकारी एका विश्वातून दुसऱ्यात घसरत राहतो आणि शेवटी आकाशात एकाच जहाजाच्या २ लाख ८५ हजार प्रती जमतात. एवढी गर्दी गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावरच बघायला मिळते. इतकी जहाजं असतील तर एक बुडालं काय आणि तरलं काय?

त्याच भागात एक जहाज आहे, ज्याच्या विश्वात शत्रूने सगळं गिळून टाकलंय. दाढीजटा वाढलेला त्याचा कप्तान पडद्यावर येतो आणि म्हणतो, आम्ही परत जाणार नाही. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या माणसाच्या डोळ्यांत बघताना उरलेली २ लाख ८४ हजार ९९९ जहाजं कोणाच्या ध्यानात राहतात? ज्याचं त्याला ते एकच असतं. दशावतार परवा शेजारच्या गावात चांगला झाला असेल. पण मी तिथे नव्हतो, मी इथे थंडीत बसलोय.

आणि ती दाढी?

त्या एका भागानंतर अमेरिकेत ‘दाढी लावली की दुष्ट जुळा’ ही खूणच होऊन बसली. विनोदी मालिकांनी तिची टर उडवली, एका रॉक बँडने ‘स्पॉक्स बिअर्ड’ हेच नाव घेतलं. आपल्याकडे दाढी वाढली की माणूस नवसाचा, सुतकातला नाहीतर प्रेमभंगातला. शिवाय मूळ भाग नीट बघितला तर दाढीवाला स्पॉक दुष्ट नाहीच. त्या क्रूर जहाजावर विचार करून बोलणारा तो एकटा. परतण्याआधी कर्क त्यालाच गाठून सांगतो, की हे साम्राज्य टिकायचं नाही, तू बदलू शकतोस. स्पॉक म्हणतो, विचार करीन. आणि भाग संपतो.

तिसऱ्या दिवशी वीज आली. आम्ही उरलेला भाग पाहिला आणि आत्येने भाच्याला विचारलं, “त्या दाढयेवाल्याचा फुडे काय झाला?”

या प्रश्नाचं उत्तर मिळायला तिकडच्या चाहत्यांना २७ वर्षं लागली. भाच्याने ‘डीप स्पेस नाइन’चा १९९४ चा, त्या विश्वातल्या पहिल्या फेरीचा भाग शोधून लावला. त्यात कळतं, की स्पॉकने खरंच विचार केला, तो वर चढला, त्याने साम्राज्य सुधारलं, शस्त्रं कमी केली. मग टपून बसलेल्या शत्रूंनी चढाई केली, साम्राज्य पडलं आणि माणसं गुलाम झाली. कर्कच्या त्या दोन मिनिटांच्या भाषणाचं हे फळ बघून तेव्हाचे चाहते हादरले होते. कर्कचं चुकलं की नाही यावर ते अजून वाद घालतात.

आत्ये बराच वेळ गप्प होती.

“म्हणजे तो शाणो झालो आणि राज्य बुडाला,” ती म्हणाली. “मगे त्या कप्तानान सांगूकच नको होता.”

भाचा म्हणाला, अगं पण तसं नाही, त्याच्यापुढे अजून तीन-चार भाग आहेत.

“लाव,” आत्ये म्हणाली, आणि आठळ्यांची परात पुढे ओढली.